सावलीच्या काठाने

सकाळचे आठ वाजायला आलेत. जेजुरीच्या पायथ्याशी वैशाखातला रविवार गजबजलाय. रविवार खंडोबाचा, त्यात लग्नसराई. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळे ढीग. भंडाऱ्याच्या पुड्या, खोबऱ्याच्या वाट्या, दिवट्या, बुधल्या, देवाचे टाक. रसवंतीच्या चरकाला बांधलेली घुंगरं वाजतायत. "ओ ताई, भंडारा घ्या, खोबरं घ्या, चपला इथं काढा." वर बघावं तर आभाळ निळं नाहीच. उन्हाळ्यातलं फिकट, धुरकट, पांढरं. त्याखाली गडाचा काळा दगड. आणि दर्शन घेऊन उतरणारी माणसं कपाळापासून पायापर्यंत पिवळी.

पांढरं, काळं आणि पिवळं एकाच चौकटीत, वर मे महिन्याचं ऊन. नव्यानं कॅमेरा धरणाऱ्याची याहून अवघड परीक्षा मला तरी माहीत नाही.

ती शेवटच्या ताडपत्रीखाली थांबते. कॉलेज नुकतंच संपवलेली मुलगी. तिचा डावा हात खांद्याच्या जरा खालीच संपतो. कुडत्याची बाही तिथे दुमडून शिवलेली. तिरक्या पट्ट्याला, उजव्या कमरेवर, जुन्यात घेतलेला कॅमेरा. "ताई, बाहेर काढलेले माझे सगळे फोटो पांढरे पडतात," असं ती एसटीत म्हणत होती. आता बोलत नाही. पुढे ऊन आणि गर्दी. ज्या कामाला दोन हात लागतात ते इथेच, सावलीत उरकायचं.

दुकानाच्या फळीवर ती बसते. कॅमेरा दोन गुडघ्यांत धरते. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत लेन्सचं झाकण निघतं आणि खिशात जातं. आता ते परतीच्या एसटीतच बाहेर येणार. लेन्सपुढचं हूड घरूनच बसवून आणलंय. त्यावर पारदर्शक पिशवी, समोरून मोकळी, रबरबँडनं आवळलेली. लेन्स एकच, ३५ मिलिमीटरची, झूम नसलेली. झूमचं कडं नाही, त्यामुळे ते फिरवणारा हातही लागत नाही. जवळचं हवं तर चालत जवळ जायचं.

मग आकडे. काल रात्री चुलतबहिणीच्या हळदीला हॉलमध्ये आयएसओ १६०० वर नेलेला, तो अजून तिथेच आहे. अंगठ्यानं चाक फिरवत ती तो १०० वर आणते. सोळापट फरक. ॲपर्चर एफ १.८ वर आहे, कारण मागचं धूसर होतं म्हणून सगळ्यांना तोच आवडतो. पण वैशाखातल्या लख्ख उन्हात १.८ ला शटर १/८००० सेकंदाच्या आसपास लागतं, आणि तिचा कॅमेरा १/४००० लाच थांबतो. कॅमेरा आकडा लुकलुकवून सांगत असतो की याहून वेग नाही. उन्हात तो लुकलुकणारा आकडा दिसत नाही, आणि फोटो उडतो. बाहेर पांढऱ्या पडलेल्या फोटोंतले बरेचसे इथेच पडलेले असतात.

ती एफ ८ करते. शटर १/५००. लख्ख उन्हाचा जुना हिशेब आहे: एफ १६ ठेवा, आणि शटर एक भागिले आयएसओ एवढं. म्हणजे १०० ला १/१००. तोच उजेड एफ ८ ला १/४०० मागतो. ती जरा कमी घेते, पांढऱ्या टोप्यांसाठी. फिल्मच्या दिवसांत हा हिशेब रोलच्या डब्यावर चित्रं काढून छापलेला असायचा. ऊन तेच आहे, हिशेबही तोच लागतो.

हे सगळं ती मोड डायलच्या सी-१ मध्ये साठवते. सी-२ मध्ये सावलीचे आकडे: एफ ४, शटर १/२५०. तीन स्टॉपचा फरक, म्हणजे तीनदा दुप्पट उजेड. उन्हातून सावलीत पाऊल पडलं की अंगठ्यानं एक खट्. बाकी काही शोधायचं नाही.

"चला," ती म्हणते. मी सामानाची पिशवी धरायला हात पुढे करते. ती मान हलवते आणि पिशवी स्वतःच खांद्याला अडकवते.

पायऱ्या चढायला लागतो. तोंड दक्षिणेला, ऊन डावीकडून. अनवाणी पायांना दगड अजून सोसतोय, तासाभरात सोसणार नाही. बाजूला वाघ्या-मुरळी बसलेत. तुणतुणं, दिमडी, मुरळीच्या हातातली घाटी. घाम, हळद आणि जळत्या तेलाचा वास एकत्र येतो. कमानीमागून कमान, दीपमाळेमागून दीपमाळ.

एका कमानीच्या खाली घोळका थांबतो. नवरदेव नवरीला उचलतो. नव्या जोडप्याची ही इथली रीत, निदान पाच पायऱ्या तरी. नवरी लाजून तोंड लपवते, करवल्या मोजतात, "एक! दोन!" नवरदेवाचा शर्ट पांढरा, टोपी पांढरी. ती त्यांच्या पुढे धावते, सात-आठ पायऱ्या वर जाऊन वळते, कॅमेरा डोळ्याला लावते.

आता तिचं तोंड उत्तरेला आहे आणि ऊन उजवीकडून, थोडं समोरून. कोवळं, तिरकं ऊन. हूडला चुकवून ते सरळ काचेवर पडतं. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळ्यावर पांढुरका पडदा येतो. काळा दगड राखाडी, हिरवा शालू फिका.

हे पांढरं पडणं वेगळं आहे. इथे उजेड जास्त झालेला नाही. आकडे बरोबर आहेत. भटका उजेड लेन्सच्या भिंगांमध्ये आपटून फोटोभर पसरतो आणि काळ्याचं काळेपण खातो. शटर कितीही वाढवलं तरी पडदा जात नाही, फक्त फोटो अंधारतो. शेजारी उभा असलेला हौशी पोरगा अशा वेळी करायचं ते करतो: डावा हात वर उचलून लेन्सवर पंजाची सावली धरतो.

ती दीड पाऊल उजवीकडे सरकते. तिथे दीपमाळ आहे. दीपमाळेची सावली तिच्या खांद्यावर, मग गालावर, मग कॅमेऱ्यावर येते. पडदा उठतो. जोडपं उन्हातच आहे; सावली फक्त काचेला हवी होती. पाठ दगडाला टेकते, कोपर बरगडीला लागतं, पट्टा ताणला जातो. खट्.

मला या दीड पावलासाठी हे सगळं लिहावंसं वाटतंय. उन्हातला फोटो हातापेक्षा पायांनी सांभाळायचा असतो, हे दोन हातांच्या लोकांना सहसा कळत नाही, कारण त्यांचा दुसरा हात प्रत्येक वेळी मदतीला धावतो. लेन्सवर सावली, स्क्रीनवर सावली, झूमचं कडं. तिला पहिल्या दिवसापासून जागा निवडावी लागते.

एका हातात कॅमेरा थरथरतो, ही लोकांची पहिली शंका. गाभाऱ्यातल्या समईच्या उजेडात ती खरी आहे. इथे १/५०० ला बारीक कापरं फोटोत उतरत नाही. भर ऊन, ज्याला सगळे घाबरतात, ते या बाबतीत तिच्या बाजूचं आहे.

वरच्या कमानीपाशी एक म्हातारे फोटोग्राफर बसलेत. गळ्यात कॅमेरा, पायाशी बॅटरीवरचा प्रिंटर, पुठ्ठ्यावर चिकटवलेले जोडप्यांचे नमुने. आयुष्य या पायऱ्यांवर गेलंय असं चेहऱ्यावरून वाटतं. ती नमुन्यांकडे निरखून बघते. एकाही फोटोत डोळे मिटलेले नाहीत. एकही टोपी उडालेली नाही.

"काका, तुम्ही यांना उभं कुठं करता?"

काका तिच्या बाहीकडे एकदा बघतात, मग कॅमेऱ्याकडे. "उनात उभं केलं की डोळं मिटत्यात, पोरी. आत नेलं की काळं पडत्यात. सावलीत बी न्हाय अन् उनात बी न्हाय. सावलीच्या कडंला. त्वांड भाईर."

ते उठून दाखवतात. कमानीची सावली पायरीवर जिथे संपते तिथून एक पायरी आत जोडपं. तोंड बाहेर, मोकळ्या आभाळाकडे. डोक्यावर ऊन नाही, पण समोरचं सगळं पांढरं आभाळ चेहऱ्यावर मऊ उजेड टाकतंय. सकाळपासून जे आभाळ फोटो बिघडवत होतं तेच आता कामाला लागलंय.

ती सी-२ करते. खट्. काका मान डोलावतात आणि गिऱ्हाइकाकडे वळतात.

नवरदेवाचा भाऊ तिथेच मोबाइलवर फोटो काढतोय. त्याच्या फोटोत चेहरे पांढरेफटक, मागे कमानीचा अंधार मात्र छान स्पष्ट. मोबाइलचं मोजमाप चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढून ती मधल्या राखाडीवर आणायला बघतं. चौकटीत काळोख जास्त, म्हणून तो काळोख उजळतो आणि त्याच्याबरोबर टोपी जळते. "दादा, चेहऱ्यावर बोट ठेवा. आता ते सूर्याचं चिन्ह आलं ना, ते खाली ओढा." तो ओढतो. टोपीची शिवण दिसायला लागते. "आयला," तो म्हणतो, आणि पुन्हा सगळ्यांना उभं करतो.

मोठ्या कॅमेऱ्यावर ऑटो वापरायचा असेल तर हेच काम अधिक-उणेच्या डायलचं. बहुतेक कॅमेऱ्यांत तो उजव्या अंगठ्याखाली किंवा बटणापाशी असतो. काळी पार्श्वभूमी आणि पांढरे कपडे असले की उणे एक. हे तिला सोपं जातं, कारण बाजारातले बहुतेक सगळे कॅमेरे उजव्या हातासाठीच घडवलेले. पकड उजवीकडे, बटण उजवीकडे, डायल उजवीकडे. ज्याला फक्त डावा हात आहे त्याची वाट जास्त चढाची. अशी माणसं कॅमेरा उलटा धरून अंगठ्यानं बटण दाबतात, किंवा तळाच्या ट्रायपॉडच्या आट्यात मूठ बसवून तिला रिमोटचं बटण जोडतात. फोटो उलटा आला तर घरी फिरवता येतो. उजेडाचे नियम दोन्हीकडे एकच.

महाद्वारातून आत जातो. आवाज एकदम वाढतो. दर्शनाची बारी ओवऱ्यांच्या कडेनं वळसे घेत उभी आहे. पुढचा माणूस हलला की मागचे शंभर हलतात, मग पुन्हा थांबतात. पोरं कडेवर पेंगतायत. एक आजोबा टोपी काढून वारा घेतात. पाण्याची बाटली एका कुटुंबातून दुसऱ्यात जाते. मी फरशीला हात लावून बघते: चटका.

देवळासमोर मोठं पितळी कासव. त्याच्याभोवती तळी भरतायत. पाच जण ताटाला हात लावतात, उचलतात, "सदानंदाचा येळकोट!" ताट वर, खाली, पुन्हा वर. मग भंडारा उधळतो. मुठी उघडतात, हवेत पिवळा ढग उभा राहतो, खोबऱ्याचे तुकडे टपटप पडतात, लोक ते झेलायला वाकतात.

ती ढगाच्या वाऱ्यावर आहे का ते आधी बघते. मूठभर भंडारा हवेत फेकून नव्हे, तर आधीचा ढग कुठे सरकतो ते बघून. मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाते. सी-१. खट्, खट्, खट्.

आता बघायचं. स्क्रीन काळाकुट्ट दिसतो. त्यात तिचाच चेहरा आणि मागचं आभाळ. असा स्क्रीन बघून माणूस फोटो काळा आला समजतो, उजेड वाढवतो आणि घरी जाऊन पांढरे फोटो बघतो. लोक पंजाची ओंजळ करून स्क्रीन झाकतात. ती उन्हाकडे पाठ करते, मान खाली घालते, ओढणीचं टोक दातात धरते. छातीशी एक छोटा अंधार तयार होतो. त्यात कॅमेरा.

फोटोकडे ती बघतच नाही, उजेडाच्या आलेखाकडे बघते. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, मध्ये डोंगर. जेपेगमध्ये एकेका रंगाला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या. डोंगर उजव्या भिंतीला चिकटला की तिथलं सगळं एकाच शेवटच्या पायरीवर गोळा झालेलं. टोपीची शिवण, शर्टाची सुरकुती, काही उरत नाही.

पांढऱ्या आलेखाला उजवीकडे जागा आहे. तरी ढग सपाट दिसतोय, एखाद्या पिवळ्या कागदासारखा. कण नाहीत, घड्या नाहीत. ती बटण दाबून तीन रंगांचे आलेख उघडते. निळा डावीकडे, हिरवा मध्ये, आणि लाल सरळ उजव्या भिंतीवर चढलेला. हळदीचा पिवळा म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशेबात भरपूर लाल, बऱ्यापैकी हिरवा आणि जेमतेम निळा. एकत्र आलेख सरासरीत हे लपवतो. ओढणीखालून आवाज येतो, "लाल गेलाय." शटर १/१०००. पुन्हा वाट बघायची.

वाट बघणं पुष्कळ आहे. पुढचं कुटुंब ताट लावतंय. पानं, सुपारी, खोबरं, भंडारा. कोण कुठे उभं राहणार यावर वाद. मधल्या वेळात ती भिंतीच्या सावलीत बसते. पुढच्या काचेवर पिवळी धूळ आलीय. तीही उन्हात पडदाच होते. पट्ट्यावर लटकवलेला कॅमेरा गुडघ्यांनी दाबून, लेन्स जमिनीकडे करून, ती खालून रबरी फुंकणीनं हवा मारते. पुसत नाही. आधी फुंकर, मग मऊ ब्रश. कापड अगदी शेवटी, कारण कोरडा कण घासला तर काचेवर ओरखडा.

बाजूची आजी हे सगळं बघतेय. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, नाकात नथ, कपाळ पिवळंधमक. "हात कशानं गेला गं बाळा?"

"जन्मापासूनच नाही, आजी."

आजी काही म्हणत नाही. मुठीतला भंडारा तिच्या कपाळाला लावते, थोडा माझ्याही. मग पदर सारखा करते. "माझा काढ की एक."

साडेबारा होत आलेत. मेच्या मध्यावर या अक्षांशाला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या खांबाला सावली उरत नाही. माणसाची सावली पायाखाली गोळा होते. फोटोग्राफर या वेळी कॅमेरा बंद करतात. कपाळ आणि नाक पांढरं, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे.

आजी उन्हातच उभी राहते, भिंतीकडे यायला तयार नाही. देव पाठीमागे दिसला पाहिजे. ती आजीला लगेच हलवत नाही, आधी स्वतः फिरते. अर्धं वर्तुळ, बसत, उठत. फरशीकडे बघते. सकाळपासूनचा भंडारा अंगणभर पसरलाय, वर ऊन, आणि तोच पिवळा उजेड खालून उलटून आजीच्या हनुवटीखाली, डोळ्यांत चढतोय. जिथे भंडारा दाट आहे तिथे खड्डे मऊ झालेत. "आजी, दोनच पावलं पुढं. देव दिसतोय मागं." आजी दोन पावलं पुढे येते. मान किंचित वर. डोळे दिसतात, तांबूस, ओले. १/६४०. खट्.

ओढणी दातात. आलेख. ती आजीला दाखवते. आजीला उन्हात काही दिसत नाही, पण "चांगला आलाय," म्हणते.

दुपारी आम्ही ओवरीत बसतो. पाठीला गार दगड. दशम्या, ठेचा, ताक. ती फोटो मागे-पुढे करते. पायऱ्यांवरचे पहिले दोन पडद्याचे आहेत. काळं परत आणता येईल, कारण ती रॉमध्ये काढते. तिच्या रॉ फायलीत १४ बिट आहेत, म्हणजे २५६ ऐवजी १६,३८४ पायऱ्या. सावलीत गाडलेला चेहरा त्यातून उकरून काढता येतो. पण भिंतीला चिकटलेलं पांढरं रॉमध्येही कोरंच. जे कॅमेऱ्यात शिरताना मोजलंच गेलं नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर आणत नाही. म्हणून उन्हात चुकायचंच तर थोडं काळ्याच्या बाजूला. अंधार पडला की हाच सल्ला उलटा नडतो, पण तो प्रश्न संध्याकाळचा.

भंडाऱ्याचा एक ढग बराच चांगला आलाय. मुठीतून सुटलेली हळद दोऱ्यादोऱ्यांनी वर गेलेली दिसते. कडेला अर्धा कापलेला एक हात आहे. तो तिला खटकतो. "तिथं अजून थोडं डावीकडं जायला हवं होतं," ती म्हणते, आणि जागा आठवून बोटानं फरशीवर कासव, खांब, वारा काढते.

जेवून उतरायला लागतो. खाली पायऱ्यांवर काका डबा खातायत. आम्हाला बघून हात करतात.

"काका, साडेचारला कमानीपाशी येऊ? तेव्हा कड चांगली मिळंल ना?"

काका वर बघतात, मग पायऱ्यांकडे. "चारला ये. चढताना उजव्या अंगाच्या दीपमाळांची सावली आधी पडती. साडेचारला माणसं लई असत्यात, उभं ऱ्हायला जागा घावत न्हाय."

"चारला येते," ती म्हणते, आणि डायल सी-२ वर फिरवते.